चार इंची हवालदार

आप्पांना ऐंशीव्या वाढदिवसाला शाल द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. आप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार महिपत. त्यांच्याकडे शालींनी भरलेली एक अख्खी ट्रंक आहे आणि रत्नागिरीच्या हवेत शाल पांघरायची वेळ वर्षातून दीड दिवस येते. "मग काय द्यायचं?" असं माझ्या बायकोने, म्हणजे उमाने, विचारलं आणि मी उत्तर देऊन बसलो.

"मी त्यांचा पुतळा करणार आहे."

उमा शाळेत गणित शिकवते. ती पेपर तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं. "केवढा?"

"चार इंच."

तिने पेन पुन्हा उचललं.

आता माझ्या डोक्यात हे कुठून आलं ते सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. येणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, हे काम मी चोवीस वर्षं चोख करतोय (आवकचा शिक्का जावकवर फक्त दोनदा पडला आहे). पण आप्पांच्या लेखी या कामगिरीला किंमत नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला, जरा दाबून बघितला आणि सासूबाईंना म्हणाले, "मऊ आहे." त्या एका शेऱ्यावर मी एकोणीस वर्षं काढली. त्या मऊ हातात काय कला आहे हे त्यांना एकदा दाखवायचंच होतं.

मी मागवलेल्या पार्सलमधून करड्या रंगाचा एक सैनिक आला. डोक्यावर टोपी, हातात बंदूक, पाय जुळवून सावधान. मिशीसुद्धा होती. (आप्पा तरुणपणी हवालदार होते, म्हणून हाही हवालदार.) बाकी सगळं रंगाने आणायचं होतं. मोबाइलवर एक दाढीवाला माणूस असे सैनिक रंगवून दाखवतो, त्याने सांगितलं होतं की ऑइल पेंटच वापरा, ते लवकर सुकत नाहीत, त्यामुळे दोन रंग एकमेकांत मिसळत बसायला वेळ मिळतो आणि गालांत जीव येतो. लवकर नाही म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मिठाचं बरणीत बसल्या बसल्या पाणी होतं. हवालदाराची पँट सुकायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर स्टीलचा पेला उपडा घालून त्याला फ्रिजवर उभा केला होता. दहावीतल्या माझ्या मुलीने, सानवीने, पाणी प्यायला तोच पेला उचलला. मग हवालदार दिसला म्हणून तोही उचलला. त्याच्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला की त्यावर तिचं आधार कार्ड निघालं असतं. पाठीची पुन्हा सुरुवात, पुन्हा सात दिवस.

घरभर टर्पेंटाइनचा वास भरला. उमाच्या डब्यातल्या पोह्यांनाही तो लागला. शाळेत कोणी तरी विचारलं, "घरी रंगकाम काढलंय का?"

"हो," उमा म्हणाली, "चार इंच."

खरी परीक्षा होती ती चेहऱ्याची. आप्पांचा पलटणीतला एक ग्रुप फोटो उमाच्या कपाटात होता. काळा-पांढरा, मागच्या ओळीत आठ जवान, सगळ्यांच्या टोप्या एका रेषेत, सगळ्यांच्या मिशा एका मापाच्या.

"यात आप्पा कुठले?" मी विचारलं.

"मागची ओळ, डावीकडून तिसरे," उमा पेपरमधून मान न काढता म्हणाली.

मी डावीकडून तिसरा धरला आणि कामाला लागलो. तीन केसांचा ब्रश, डोळ्यांवर भिंग, श्वास बंद. पिवळी माती, पांढरा आणि गेरूसारखा लाल असे तीन रंग मिसळून कातडीचा रंग केला. गालफडाखाली गडद, नाकाच्या शेंड्यावर उजळ, आणि नाक-कान रंगाचे थरावर थर देऊन घडवले. डोळे रंगवताना तर मी इतका वेळ श्वास धरला की सानवी दारातून म्हणाली, "आई, बाबा निळे पडतायत." पहिल्या दिवशी डोळे चकणे झाले. पुसले. दुसऱ्या दिवशी हवालदार घाबरलेला दिसू लागला. पुसले. चौथ्या दिवशी त्याने माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी खुर्चीत सरळ बसलो. त्या क्षणी मला कळलं की आपण नुसते क्लार्क नाही.

जांभ्या दगडाच्या एका कपच्यावर त्याला उभा केला आणि उमाला दाखवला. 

"छान झालाय," ती म्हणाली. हे ती सहसा म्हणत नाही. "पण आप्पा जरा वेगळे वाटतायत."

"तेव्हा ते तरुण होते."

"आजोबांचे कान एवढे होते?" सानवी म्हणाली.

"वयाबरोबर कान बदलतात," मी म्हणालो. (हे खरं आहे की नाही मला माहीत नाही, पण कलावंताने माघार घ्यायची नसते.)

वाढदिवस हातखंब्याला आप्पांच्या घरी होता. अंगणात मांडव, चाळीसेक माणसं, औक्षण झालेलं. लोकांनी आपापल्या शाली दिल्या. मग मी पुढे झालो, छोटंसं भाषण केलं, त्यात 'माझ्या या हातांनी' हे शब्द तीनदा आले, आणि डबा उघडून हवालदार आप्पांच्या तळहातावर ठेवला.

आप्पांनी चष्मा लावला. पुतळा डोळ्यांजवळ नेला. वर बघितलं, खाली बघितलं.

"हा मी नव्हे," ते म्हणाले.

मी रिकाम्या डब्यात पुन्हा एकदा बघितलं.

"हा रामा," आप्पा म्हणाले. "वेळणेश्वरचा रामा पाष्टे." एवढं बोलून ते पुतळा घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. उमाने पर्समधून तो फोटो काढला, उलटा केला. मागे पेन्सिलने नावं लिहिली होती. डावीकडून तिसरा: शिपाई रामा पाष्टे. उजवीकडून तिसरे: हवालदार महिपत.

"तू डावीकडून म्हणालीस," मी पुटपुटलो.

"त्यांच्या डावीकडून. ते तुमच्याकडे तोंड करून उभे आहेत ना," गणिताची शिक्षिका म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हाला माहीत नाही, हे फार वाईट झालं. आप्पा आणि रामाकाका एका ताटात जेवायचे. बावीस वर्षांपूर्वी रामाकाकांच्या मुलीचं, मैनाचं, लग्न होतं. तिथे आप्पा काही तरी बोलले आणि काकांनी त्यांना भर पंगतीतून उठवलं. काय बोलले ते आमच्याकडे कोणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून या घरात काकांचं नाव निघत नाही."

मी मटकन खुर्चीत बसलो. पण बसल्या बसल्याच माझ्या मनात एक वेगळा विचार हळूच डोकं वर काढू लागला. बघा हं. अंगठ्याएवढाही नसलेला चेहरा. आप्पांचा मोतीबिंदू एका डोळ्याचा काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. बावीस वर्षं तोंड न बघितलेला माणूस. आणि तरी एका नजरेत ओळखला. याचा अर्थ काय होतो? मी माणूस चुकलो होतो, पण चेहरा चुकलो नव्हतो. माझी मान आपोआप ताठ झाली.

दार उघडलं. आप्पांचे डोळे लाल होते. ते सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा माझा हात हातात घेतला.

"उद्या वेळणेश्वरला जायचं," ते म्हणाले. "तुम्ही गाडी काढा. हे तुम्ही केलंत, तुम्ही बरोबर हवात."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गणपतीपुळ्यावरून जयगड, तिथे फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे तवसाळ आणि मग वेळणेश्वर. आप्पा पुढच्या सीटवर मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन बसले होते. डब्यात कापसावर हवालदार निजला होता. आप्पा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बोललो. फेरीबोटीत एका पुण्याच्या कुटुंबाला मी सगळी हकिकत सांगितली, त्यांनी माझ्याबरोबर फोटोही काढून घेतला. तिकीट फाडणाऱ्या माणसाला सांगितली. चेहऱ्यातलं साम्य म्हणजे काय, ते हाडांत कसं असतं, यावर मी तवसाळ येईपर्यंत बोलत होतो. उमा खाडीकडे बघत होती.

रामाकाकांच्या अंगणात त्यांची बायको यमुनाबाई आमसुलं वाळत घालत होत्या. आप्पांना बघून त्यांचे हात थांबले. त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, बाहेर या. महिपतभावजी आलेत."

 मग रामाकाका बाहेर आले. वाळकुडे, उंच, पण पाठ ताठ. दोघं म्हातारे अंगणाच्या दोन टोकांना उभे राहिले. आप्पांनी डबा पुढे केला.

काकांनी पुतळा उचलला. उन्हात धरला. फिरवला. त्यांची हनुवटी थरथरायला लागली आणि मला वाटलं आता हे आम्हाला हाकलणार. पण काका हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, यमुनाबाईंनी पाणी आणून दिलं, ते पिऊन ते पुन्हा हसले.

"महिपत," ते म्हणाले, "बूट पन तसेच ठेवलेस होय रे?"

"मी नाही ठेवले," आप्पा म्हणाले. "जावयाने ठेवले."

"त्येंना तू सांगितलंस?"

"रामा, तू पंगतीत म्हणालास, 'ही गोष्ट पुन्हा तोंडातून काढलीस तर याद राख.' बावीस वर्षं काढलेली नाही. माझ्या पोरीलासुद्धा सांगितली नाही. विचार तिला."

काकांनी उमाकडे बघितलं. उमाने मान हलवली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पुतळ्याच्या पायांकडे. एक बूट काळा होता. दुसरा तपकिरी.

गोष्ट अशी होती, आणि ती आता काकांनी स्वतःच सांगितली. जनरलसाहेब परेड बघायला आले त्या पहाटे काका घाईत एका पायात काळा ड्रिल बूट आणि दुसऱ्या पायात तपकिरी पीटी शू घालून पहिल्या रांगेत उभे राहिले होते. आप्पांनी त्यांना पाठीवर बोजा देऊन मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या. तेही चाललं असतं, पण मैनाच्या लग्नात आप्पांनी तो किस्सा व्याह्यांसमोर रंगवून सांगितला.

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले. "तेव्हाच म्हणायला हवं होतं. काल हे बूट बघितले आणि वाटलं, आपण दोघं आता किती दिवस असे राहणार."

काकांनी आप्पांच्या खांद्यावर हात टाकला. यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. उमा तर सरळ रडायला लागली. फार मोठा क्षण होता तो आणि तो माझ्यामुळे आला होता, म्हणून मीही डोळे पुसले.

"तुम्ही हे बूट असे का रंगवलेत?" उमाने हुंदके देत विचारलं.

आता खरं सांगायचं तर काळी आणि तपकिरी ट्यूब ट्यूबलाइटखाली एकसारख्या दिसतात, आणि दोन बुटांच्या मध्ये पाच दिवस गेले होते. पण मी म्हणालो, "अभ्यास." मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. "पण आप्पा, तुम्ही आधी ओळखलंत ते चेहऱ्यावरूनच ना?"

"चेहरा?" आप्पा म्हणाले. "तेवढं बारीक मला कुठं दिसतं. मी बुटांवरून ओळखलं."

काकांनी पुतळा नाकाजवळ नेला. "चेहरा माझा नाय ह्यो. माझी मिशी बारीक हुती."

"बघू," म्हणत यमुनाबाईंनी तो घेतला. त्यांची नजर अजून चांगली आहे. त्यांनी एकदा हवालदाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, पुन्हा हवालदाराकडे. "हे तर जावईच हायत," त्या शांतपणे म्हणाल्या. "कान बघा."

उमाने बघितलं. तिचं रडणं थांबलं. आप्पांनी दुसरा डोळा मिटून बघितलं. (गालांवर सावल्या कुठे पडतात ते कळावं म्हणून मी समोर आरसा ठेवला होता. फोटो फार अंधुक होता हो.) नाक माझं होतं, कान माझे होते, जरा घाबरल्यासारखी नजर तीसुद्धा माझीच होती.

पुतळा काकांनी ठेवून घेतला. दोघं म्हातारे आता दर पंधरवड्याला भेटतात आणि मला गाडी काढावी लागते. वेळणेश्वरला पाष्ट्यांच्या घरी जाल तेव्हा टीव्हीच्या वर बघा. आयुष्यात बंदूक न धरलेला आवक-जावकचा एक क्लार्क तिथे दोन पायांत दोन रंगांचे बूट घालून सावधान उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका अभिमानाने सांगतात की हा मी. आणि लोक म्हणतात, तरुणपणी तुम्ही फारसे रुबाबदार नव्हता वाटतं.