तंबूतले गेनूनाना

गेनूनाना सिनेमाच्या तंबूत शिरले की दहा-बारा पावलं सरळ चालायचे आणि मग एकदम कमरेत वाकायचे. तिथं डोक्यावर काहीही नसायचं. ना दोरी, ना बांबू. तरी वाकायचे, एक पाऊल उंच उचलून पुढं टाकायचे आणि पुन्हा ताठ व्हायचे. खाली बसलेली माणसं हसून बेजार. दोन-तीन टारगट तर मुद्दाम त्यांच्या मागोमाग वाकत जायचे.

मी त्या टुरिंग टॉकीजचा मॅनेजर. म्हणजे तिकिटं फाडणारा, भोंग्यावरून ओरडणारा आणि रीळ तुटलं की शिव्या खाणारा. साठ सालाच्या अलीकडची गोष्ट. उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी उतरलं की काठाला सपाट, भेगाळलेली जमीन उघडी पडायची. दर वैशाखात आमचा तंबू तिथं. वरच्या वाड्यावाड्यांतून माणसं बैलगाड्या जुंपून, पोरंबाळं घेऊन यायची.

नाना रोज यायचे. तिकीट काढायचे, वाकून पुढं जायचे आणि मधल्या खांबाशी बसायचे, तेही पडद्याकडे पाठ करून. नायक कड्यावरून उडी घेतोय आणि नाना एखाद्या बाईला सांगतायत, "पोराला आडवं कर की. जागा लई हाय." कुणी पानाची पिंक टाकली की यांचा आवाज खलनायकाच्या वर, "आरं, तुज्या घरी आसंच थुकतोस व्हय?" एकदा पडद्यावर मारामारी जुंपली, तर मागं वळूनही न बघता म्हणाले, "भांडायचं तर भाईर जा म्हनावं!"

मी विचारलं, "नाना, सिनेमा बघत नाही, तर तिकीट कशाला काढता?"

"बघतुया की. आल्याली मानसं बघतुया."

मालक म्हणाले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मलाही तसंच वाटायचं.

तिसऱ्या वर्षी मधला खांब डुगडुगायला लागला, म्हणून गड्यांनी हातभर अंतरावर नवा खड्डा खणायला घेतला. पहार खणकन वाजली. गाळ बाजूला केला तर खाली दगडी उखळ, जमिनीत पक्कं बसवलेलं. निघेना, म्हणून गडी ते फोडायला निघाले. भर उन्हात नाना कुठून धावत आले कोण जाणे. येऊन उखळावर आडवेच पडले.

"घाव घालू नगा! पाया पडतो तुमच्या. आमच्या कारभारनीचं हाय ते."

गडी मागं सरले. मी नानांना उठवून पाणी दिलं. दम खाल्ल्यावर ते हातानं दाखवायला लागले. "ही पडवी. त्यो गोठा. आन् हितं," ते रोज वाकायचे ती जागा दाखवून म्हणाले, "सैपाकघराची चौकट. लई ठेंगनी. माजं डोस्कं आपटायचं. ती आतनं वरडायची, वाका, वाका!"

"मग?"

"मंग धरनाचं पानी आलं. तीस वर्सं झाली. समदं गाव टेकाडावर गेलं, कोन मुंबैला गेलं. ही हटून बसली. म्हनली, पानी उंबऱ्याला लागू द्या, मंग बघू. मी बी म्हनलं, ऱ्हाऊ. उंबऱ्याला लागलं तवा रातीचं घोंगडीत घालून काढली तिला. वल्ली चिंब व्हती. ताप आला, त्यो उतरलाच न्हाई."

मी म्हटलं, "नाना, उखळ काढून देऊ का? घरी घेऊन जा."

"न्हिऊन काय करू? कांडनारी कुटं हाय?"

खांब पुन्हा जुन्याच खड्ड्यात रोवला. रोज दोर आवळायचं काम वाढलं, पण मालकांनी ते चालवून घेतलं.

मृग तोंडावर आला तसा मुक्काम हलवायची वेळ झाली. शेवटचा खेळ सुटल्यावर नाना माझ्यापाशी आले. मुंडासं काढून हातात धरलं होतं.

"म्यानीजर, येक मागनं हाय. तंबू सकाळच्याला उतरवा. आजच्यापुरतं मला हितं निजू द्या. छपराखाली."

गाड्या जुंपून उभ्या होत्या. मालक भडकणार म्हणून मी भीत भीत सांगायला गेलो. त्यांनी बिडी पेटवली. "गाडीवाल्यांना म्हणावं, उजाडल्यावर या."

सकाळी गेलो तर नाना उठलेले होते. सगळा तंबू झाडून काढलेला, शेंगांची टरफलं एका कोपऱ्यात लोटलेली. ताम्हिणीकडं आभाळ काळं झालं होतं.

"झोप लागली का?" मालकांनी विचारलं.

"लई."

मालक घुटमळले. त्यांना असं घुटमळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "नाना, पाहिजे तर आणखी एक दिवस राहू देतो तंबू."

नाना बाहेर आले. कडेच्या खुंटीशी उकिडवे बसले आणि दोर सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती. त्यांनी ती दातानं ओढली.

"नगं," ते म्हणाले. "पानी यायच्या आदी निगावं. मागल्या बारीला आमी थांबलो."