आजोबांचा व्हेरिटास

"आपल्या घरात व्हेरिटास आहे का?"

जेवताना सगळ्यांसमोर हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज भोंग्याच्या मैत्रिणींनी लावली होती. भोंगा म्हणजे नववीतली मुलगी. पोटात काही राहत नाही म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. व्हेरिटास हा तिच्या शाळेच्या बॅजवरचा लॅटिन शब्द, अर्थ सत्य. त्यावर तिला भाषण करायचं होतं.

पण प्रश्न ऐकून सगळ्यांचे घास हवेतच थांबले. डॉक्टरांनी आजोबांच्या पोटातल्या दुखण्याचं खरं नाव फक्त आईबाबांना सांगितलं होतं. आजोबांना कळवलं होतं, ॲसिडिटी. भोंग्याला तर काहीच नाही. भोंग्याला कोण सांगेल?

आजोबांना ऐकू जरा कमीच येतं. त्यांनी घास खाली ठेवला. "हां! म्हणजे मला व्हेरिटास झालाय तर."

बुडत्याला काडी मिळाली. बाबा घाईघाईने म्हणाले, "हो अण्णा, तोच! अगदी किरकोळ असतो."

"अहो, काहीतरीच काय..." म्हणत आई उठली आणि बाथरूममध्ये गेली. आत नळ धो धो सुटला.

"पाणी फार वाया जातं या घरात," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेलरकाकू आजोबांची पँट घेऊन आल्या. कमरेत आत घेतलेली, तीही दुसऱ्यांदा.

"मला व्हेरिटास झालाय," आजोबांनी ऐटीत सांगितलं.

"अगंबाई! आमच्या भाऊजींना झाला होता की! आंबट बंद केलं, खडखडीत बरे झाले."

टेलरकाकूंना सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं. संध्याकाळपर्यंत व्हेरिटासवर तीन औषधं आली. दूधवाला पिशवी दाराबाहेर टाकून पळू लागला. समोरच्या काकांची नजर भोंग्याच्या बॅजवर पडली आणि ते ओरडले, "शाळेतही पोचला?" लगेच दोन आयांनी आपली मुलं घरी ठेवली. शेवटी मुख्याध्यापिकांचा बाबांना फोन आला, "सत्यामुळे शाळेची हजेरी घटतेय, हे बरं दिसतं का?"

बाबा भडकले. "कार्टे, जा, सगळ्यांना सांगून ये की व्हेरिटास हा आजार नाही!"

"मग आजोबांना काय झालंय?"

बाबा तडक आत गेले. बाथरूमचा नळ या खेपेला त्यांनी सोडला.

भोंगा तरातरा आजोबांच्या खोलीत गेली. "आजोबा, व्हेरिटास म्हणजे खरं. तो आजार नाहीये."

"माहीत आहे गं. मुलांच्या छातीवर कुणी आजाराचं नाव लावतं का? पण ते नाव मिळालं आणि तुझा बाप कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. म्हटलं, राहू दे. बरं, भाषणात काय आहे?"

भोंगा सुरू झाली. इंग्रजीतलं 'व्हेरी' त्याच घराण्यातलं. शब्दाच्या मुळाशी गेलं तर अर्थ निघतो भरवसा. ज्यावर विसंबावं, ते खरं. आणि रोमन लोक म्हणायचे, सत्य ही देवी आहे, विहिरीच्या तळाशी लपून बसते.

"आपल्याकडे नळाखाली बसते," आजोबा म्हणाले.

दोघंही खो खो हसली. हसता हसता आजोबांनी पोट धरलं. हसू संपलं तरी हात तिथेच राहिला.

"मी फार दिवसांचा नाही, बाळ. डॉक्टरांना दटावून खरं काढून घेतलंय मी."

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ती म्हणाली, "मला कशाला सांगितलंत? माझ्या पोटात काही राहत नाही."

"म्हणून तर. मला तुझ्या बापाच्या तोंडावर सांगवत नाही. मला कळलंय ही गोष्ट तुझ्या आईबाबांपर्यंत नक्की पोचवेल असं भरवशाचं माणूस घरात एकच आहे."

भोंग्याने बाहीने डोळे पुसले, स्वतःची उशी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. आईबाबा कुजबुजत होते.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आजपासून मी आजोबांच्या खोलीत झोपणार. त्यांना सगळं माहीत आहे. आणि यापुढे कुणी नळ सोडून रडायचं नाही, पाणी वाया जातं. रडायचं असेल त्यांनी आमच्या खोलीत यायचं."