बुजलेल्या विहिरी आणि सहाशे बारा संदर्भ

पुण्यातल्या बुजवलेल्या विहिरींवर ग्रंथ लिहिण्याचं काम सदाशिव पेठेतले सेवानिवृत्त रंगराव तीन वर्षं नेटानं करत होते. नऊपैकी पाच प्रकरणं झाली होती आणि प्रकाशक शर्मिलाबाईंनी पाडव्याची मुदत दिली होती. अशा वेळी शहाणा माणूस सहावं प्रकरण लिहायला घेतो. रंगरावांनी संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर बदलायला घेतलं.

निमित्त एवढंच की भाची उत्कर्षा म्हणाली, "मामा, तुम्ही अजून हेच वापरता?"

नवं सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये सगळं आणतं, असंही तिनं सांगितलं. ते खरं निघालं. सहाशे बारा संदर्भ सुखरूप आले, फक्त प्रवासाचा थोडा परिणाम झाला होता. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा नव्या सॉफ्टवेअरचा दंडक. त्यामुळे 'नगरपालिका अहवाल' हे 'अहवाल, न.' नावाचे गृहस्थ झाले आणि एकशे चाळीस दस्तऐवज नावावर असलेले शहरातले सर्वांत व्यासंगी लेखक ठरले. धायरी गावातल्या आपल्या विहिरीची हकीकत सांगणाऱ्या 'यमुनाबाई, धायरी' यांचं आडनाव धायरी झालं.

रंगरावांनी धायरीला फोन लावला. "यमुनाबाई, आपलं आडनाव हवं होतं."

"कशाला? पाणी भरताना कुणी पुसलं न्हाई. पुस्तक झालं का?"

"होतच आलंय. फक्त नोंदी तेवढ्या..."

"गेल्या साली बी होतच आलं व्हतं. मला ऐंशी सरली. माझी हीर छापून आलेली ऐकून जायचं हाय."

रंगराव गहिवरले आणि त्याच भरात त्यांनी नोंदींना रंग द्यायला घेतले. पाणी असलेल्या विहिरींना निळा, बुजलेल्यांना करडा. सगळ्याच बुजलेल्या असल्यामुळे करड्याच्या अकरा छटा कराव्या लागल्या. त्यात पाडवा आला.

शर्मिलाबाईंनी संदर्भांची सूची पाहिली. "सुरेख आहे. राहिलेली प्रकरणं?"

"आता फक्त लिहायचीच राहिली आहेत."

"राहू द्या. झालेलीही काढून टाकू. अहो, मंडळी तशीही मागची पानंच उघडतात, आपलं नाव आहे का ते बघायला. एवढंच छापू."

शहाण्णव पानांची सूची निघाली. सहा महिन्यांत एकतीस प्रबंधांनी तिचा आधार घेतला, त्यांतल्या एकानं पृष्ठ २१२ चा. सत्काराच्या अध्यक्षांनी ओघवत्या भाषेचं कौतुक केलं. रंगरावांनी हार घालून घेतला. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

मग एका दुपारी ते प्रत घेऊन धायरीला गेले आणि यमुनाबाईंना नोंद क्रमांक चारशे अठरा मोठ्यानं वाचून दाखवली. बाई पुढचं ऐकायला थांबल्या. पुढे चारशे एकोणीस होता.

"नाव झालं," त्या म्हणाल्या. "हिरीचं कुठवर आलंय?"

रंगरावांनी पुढची पानं उलटून पाहिली; तिथं नोंदीच होत्या. तेव्हा आपल्यापैकी ज्यांनी हा ग्रंथ वाचल्याचं चारचौघांत सांगितलं आहे, त्यांनी कृपया धायरीला जाऊन बाईंना तेवढा मजकूर सांगावा. रंगराव ऋणी राहतील, आणि आपलं नाव सूचीत घेतील. आडनाव मात्र कळवावं.