बटणावरचा हात

वाचनालयाच्या जुन्या दगडी पायऱ्यांशेजारी नवी लिफ्ट बसवली आणि चाकांच्या खुर्चीतले नाना तिच्यातून वीतभर वर जाऊन अडकले.

"बटण दाबून धरायचं, नाना. सोडलं की थांबते," मेकॅनिक म्हणाला. बाहेरचं बटण जोडायचं अजून राहिलं होतं.

"दाबूनच धरलंय की," नाना दोन्ही हात पसरून म्हणाले.

नाना इथलेच जुने ग्रंथपाल. बोलायला बंदी त्यांनीच घातलेली, त्यामुळे सगळा कारभार हातांच्या खुणांनी चाले. प्रवासवर्णनं वरच्या फळीवर, कुजबुजणारे बाहेर. निवृत्तीनंतर तोंड सुटलं, पण हातांना कुणी निवृत्त केलं नाही. पुढे गुडघे गेले, पायऱ्या परक्या झाल्या आणि खिडकीजवळची खुर्ची नानांच्या स्वप्नात येऊ लागली.

"आज नीट चालली नाही, तर उद्या उखडायची," पुरातन वास्तू खात्याचे साहेब म्हणाले. त्यांच्या काखेत नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. "या इमारतीला ती मुळात शोभतच नाही."

"नाना, बोलू नका हो," मेकॅनिक काकुळतीला आला.

नाना गप्प झाले. गप्प होताच जुनी सवय जागी झाली आणि हात दुप्पट चालू लागले. खाली गर्दी करू नका, बाई तुम्ही मागे सरा. लिफ्ट जागची हलेना.

"निदान एका हातानं बोला."

"एका हातानं अर्धंच वाक्य होतं," नाना दोन्ही हातांनी म्हणाले.

काकू, म्हणजे नानांची बायको, पुढे झाल्या. "साहेब, ते पुस्तक द्या बघू. अक्षर बारीक आहे ना?"

"फारच."

"झ्याक. वाचायला लागले की यांचा दगड होतो."

पुस्तक मांडीवर, बोट बटणावर. लिफ्ट अलगद निघाली. निम्म्यावर पान संपलं, लिफ्ट थांबली, खाली सगळ्यांनी श्वास रोखले. पान उलटलं, बोट परत बटणावर गेलं, लिफ्ट निघाली.

"तळटीप लागली वाटतं," काकू म्हणाल्या. "आता वरपर्यंत काळजी नाही."

वर पोचल्यावर नानांनी मान उचलली. "साहेब, तिसऱ्या कलमात काय सुंदर विरोधाभास आहे हो."

ते पुस्तक आजवर कुणी इतक्या प्रेमानं वाचलं नव्हतं. पायऱ्या चढून वर आलेल्या साहेबांना भरून आलं. "शोभते," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे सही करून, पुस्तक छातीशी धरून निघून गेले.

दिवसभर नाना खिडकीजवळ बसले, तोंड बंद, हात मांडीवर. संध्याकाळी काकूंनी खालून हाक मारली, "चला, घरी जायचंय."

"काहीतरी बारीक अक्षरांचं द्या त्यांना," अजून बाहेरच्या बटणाशीच झटणारा मेकॅनिक म्हणाला.

नव्या ग्रंथपाल बाईंनी शब्दकोश काढला. नानांचा तळवा वर झाला. मग बोट दारावरच्या पाटीकडे गेलं. अक्षर त्यांचंच होतं: 'शब्दकोश वाचनालयाबाहेर नेऊ नये.'

"अहो, लिफ्टपुरताच."

"लिफ्ट दाराबाहेर आहे, बाई. नियम तो नियम." नाना खुर्चीत आणखी जरा ऐसपैस झाले.

काकूंनी वर पाहिलं. खिडकीत दोन हात हलत होते. बाकी कुणाला काही कळलं नाही, काकूंना मात्र शब्दन् शब्द समजला: जेवणाचा डबा वर पाठव आणि चष्म्याचं घर विसरू नकोस.