सोमवारची हवा

सोमवारी सकाळी सहाला प्रीतम तायडे हेल्मेट घालून क्वार्टरबाहेर आला, तेव्हा मोटरसायकलचं मागचं चाक पार रिमवर बसलं होतं. हा लागोपाठ तिसरा सोमवार. शनिवारी अमरावतीहून घाट चढून येताना गाडी वाटेत कधी कुरकुर करत नसे. सेमाडोहला दोन रात्री राहिली, की मात्र बसायची.

"गेली," तो दारातूनच म्हणाला.

"पुन्हा?" आतून ज्योत्स्नाचा आवाज आला.

"पुन्हा. जानरावकडून पंप आनतो."

"चहा घेऊन जा. जानराव कोठं पळून चालला?"

लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती. प्रीतम अमरावतीला एका सरकारी कचेरीत कारकून, आणि ज्योत्स्ना मेळघाटातल्या या गावात आरोग्य उपकेंद्रात नर्स. दोघांना एका तालुक्यात आणावं, असा अर्ज त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात केला होता. तो अजून कुठल्या तरी टेबलावर होता. तोवर आठवड्याचे पाच दिवस फोनवर काढायचे. फोनला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथे संध्याकाळी आणखी चारपाच जण आपापल्या माणसांशी मोठमोठ्याने बोलत उभे असायचे. त्यांच्या देखत 'जेवले का' आणि 'हो' याच्या पलीकडे काही बोलणं व्हायचं नाही. उरलेलं सगळं शनिवारसाठी साठायचं. शनिवारी इतकं साठलेलं असायचं की सुरुवात कुठून करावी तेच कळायचं नाही, आणि ती सापडायची नेमकी रविवारी संध्याकाळी. शहाणा माणूस रविवारी दुपारीच परत निघाला असता. प्रीतमला ते कधी जमलं नाही.

जानराव हे निवृत्त वनमजूर. त्यांच्याकडे सायकलचा एक जुना पंप होता. "जयभीम, काका. पंप पाह्यजे होता," म्हटलं की ते आधी खाट पुढे सरकवत, मग गेल्या आठवड्यात वाघ कुठे कुठे दिसला ते सांगत, आणि मग पंप शोधायला लागत. दोनशे दाब मारल्यावर चाक उठायचं. त्या दिवशी प्रीतम कचेरीत पोहोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

अधीक्षक खुशालरावांनी हजेरीपट पुढ्यात ओढला. "तायडे, तुमची हवा सोमवारीच काहून जाते हो? मंगळवारी नाई, बुधवारी नाई."

"मलेही तेच समजून नाई राहिलं, साहेब."

"तीन उशीर झाले. एक किरकोळ रजा गेली. या तर टायमावर या, नाई तर सरळ रजा टाका."

संध्याकाळी प्रीतमने गाडी कुंदनच्या पंक्चरच्या दुकानात नेली. कुंदनने ट्यूब काढली, फुगवली, वॉल्व्ह चिमटीत धरून पाण्याच्या घमेल्यात सगळीकडून बुडवून पाहिली. एक बुडबुडा आला नाही.

"ट्यूबले काई झालं नाई, भाऊ. कोनीतरी हवा सोडून राह्यलं तुमच्या गाडीची."

"इथं तर जात नाही."

"मंग जेथं जाते तेथला मानूस शोधा."

प्रीतमने जेवताना विचार केला. क्वार्टरला कुंपण होतं, फाटकाला रात्री कुलूप असायचं. आत माणसं दोनच. त्यातला एक तो स्वतः. हातातला घास तसाच राहिला आणि तो एकटाच हसत बसला. मेसमध्ये समोर बसलेल्या माणसाने त्याच्याकडे पाहून आपलं ताट उचललं आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला.

त्यानंतरच्या सोमवारी चाक बसलेलं पाहून प्रीतमने कुरकुर केली नाही. तो पंप आणायला गेला, जानरावांचे वाघ मन लावून ऐकले, त्यांना दोन प्रश्नही विचारले. परत आला तेव्हा ज्योत्स्नाने पोहे केलेले होते. दोघं उंबऱ्यावर बसून खाऊ लागले. समोर सागाच्या पानांवर ऊन उतरत होतं. ज्योत्स्ना तिच्या लहानपणीचं सांगत होती, धामणगावला आत्याकडे राहून शिकली तेव्हाचं. हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. शनिवारी नाही, रविवारी नाही. हवा गेली म्हणून तिला ते सांगायला सुचलं.

हवेचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही. पुढच्या सोमवारी शिरा होता. त्याच्या पुढच्या सोमवारी थालीपीठ. प्रीतमला आता सोमवारचीच ओढ लागली. मंगळवारपासून तो दिवस मोजायचा, ते शनिवारपर्यंत नाही तर सोमवार सकाळपर्यंत. तिकडे किरकोळ रजा एकेक करून संपत चालल्या होत्या, आणि नवव्या सोमवारनंतर खुशालरावांनी त्याच्या हातात लेखी मेमो ठेवला.

"गाडीची हवा खरंच जाते, असं मेक्यानिकचं लिहून आना. नाई तर हे वर पाठवाव लागन."

कुंदन तर ट्यूब धडधाकट आहे म्हणून बसला होता. त्याच्याकडून काय लिहून आणणार? सुदैवाने त्या शनिवारी ज्योत्स्नाचं घाटाखाली परतवाड्याला प्रशिक्षण होतं. दुपारी ते आटोपल्यावर प्रीतमने तिला गाडीवर घेतलं आणि स्टँडच्या बाजूला गोदाबाईंच्या पंक्चरच्या दुकानावर थांबला. नवऱ्याचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान गोदाबाईच चालवत.

प्रीतमने चाचरत सांगितलं, "हवा जाते, असं फक्त लिहून पाह्यजे."

"पाह्यल्याबिगर कसं लिहू?" गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी वॉल्व्हचं टोपण काढलं, बोट जिभेला लावलं आणि वॉल्व्हच्या तोंडावर टेकवलं. थुंकीचा एक छोटासा फुगा हळूहळू वर आला, थोडा वेळ थांबला आणि फुटला. त्याच्या मागून दुसरा आला.

"पिन ढिली हाय. दोन दिवसांत चाक बसन."

"अमरावतीत नाही बसत," प्रीतम म्हणाला.

"तेथं हवा कवा भरता?"

"कचेरीजवळ पंप आहे. एक दिवस आड."

"मंग तुमाले कसं समजन?"

त्यांनी पिन बदलली, हवा भरली आणि वहीच्या पानावर लिहून दिलं: पिन खराब होती, हवा जात होती, आता जाणार नाही. सही केली, तारीख टाकली. कागद ज्योत्स्नाने घेतला, दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

अर्धा घाट चढून झाला.

"म्हंजे तू नोती?" शेवटी प्रीतमने विचारलं.

"काय नोती?"

"हवा सोडून राहिली."

मागून ती म्हणाली, "मले वाटे, तुमी सोडता."

"मी काहून सोडीन?"

"जानरावकाकाचं घर पाच मिन्टावर हाय. पंप आनाले तुमी घंटा लावत."

"अन् तू पोहे आदीच भिजवून ठेवत."

"तुमी येवढं करता, तर म्या पोहे नाई कराचे?"

एका वळणावर माकडं रस्त्यात बसली होती. प्रीतमने गाडी थांबवली आणि ती उठल्यावरही जरा वेळ तशीच उभी ठेवली. इतके सोमवार दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर खूश होते, आणि प्रत्यक्षात कुणीच कुणासाठी काही केलं नव्हतं. केलं ते एका ढिल्या पिनेने.

तो रविवार फार शहाण्यासारखा गेला. ज्योत्स्नाने त्याचे कपडे घडी करून बॅगेत भरले. संध्याकाळी प्रीतमने चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट होतं.

"बरं झालं. उद्या टायमावर पोचसान," ती म्हणाली.

"हो."

"साहेबाले कागद द्या आठवनीनं."

"देतो."

यापेक्षा टाकीजवळच्या फोनवर जास्त बोलणं व्हायचं.

सोमवारी साडेपाचला प्रीतमला जाग आली. ज्योत्स्ना उठून कामाला लागली होती. तो पाय न वाजवता बाहेर आला. नुकतं दिसायला लागलं होतं. त्याच्या मुठीत एक आगकाडी होती. ती वॉल्व्हच्या पिनेवर दाबून धरायला अर्धा मिनिट पुरे होतं. तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टोपणाकडे हात नेला.

टोपण नव्हतं. चाक पार रिमवर बसलं होतं.

तो तसाच बसून राहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता आणि आत कुणीतरी पोहे धूत होतं. प्रीतमने हातातल्या काडीकडे पाहिलं. आणली तर आहे, असं मनाशी म्हणत तो सरकून पुढच्या चाकाशी गेला.

"काय झालं हो?" हवेचा आवाज संपल्यावर आतून ज्योत्स्नाने विचारलं. आवाज अगदी साधा होता, जरा जास्तच साधा. "मांगचं गेलं काय?"

"दोन्ही गेले."

पोह्यांचं पाणी थांबलं. थोड्या वेळाने ती ओल्या हातांनी दारात आली. तिने मागच्या चाकाकडे पाहिलं नाही. पुढच्या चाकाकडे पाहिलं.

"हे कसं गेलं?"

"मांगचं गेलं तसंच."

हसू येऊ नये म्हणून तिने पदराने हात पुसायला सुरुवात केली, आणि हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

"आज रजा सांगून देतो साहेबाले," प्रीतम म्हणाला.

"सांगा." ती उंबऱ्यावर बसली आणि शेजारी त्याच्यापुरती जागा ठेवली. "जानरावकाकाचा पंप एकच हाय. दोन चाकं भराले लय टाइम लागन."

"लागू दे," तो म्हणाला, आणि बसला.