पोपटी पिन, शेवाळी भोक

वस्तू पारखून घ्यावी तर ती या गुणाजीनं! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. पेणजवळच्या जोह्यात माझा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीला नुसती टिचकी मारून आतला तडा ओळखणारा माणूस मी. आणि माझी पोरगी मनस्वी मला म्हणते, तुम्हाला स्पीकर निवडता येणार नाहीत!

"बाबा, मी कॉलेजातून येताना पेणहून आणते ना."

"का? मला डोळे नाय? कान नाय?"

"सगळं हाय. पण तुम्ही दुकानात भांडता."

भांडतो! मी! एवढा राग आला की चप्पल उलटसुलट घालूनच मी निघालो.

स्पीकरची गरज का पडली ते सांगतो. मस्कतच्या मराठी मंडळाची पंचेचाळीस मूर्तींची ऑर्डर वीस वर्षं आमच्याकडं आहे. गेल्या वर्षी त्यांची तक्रार आली. मूर्ती सुरेख, पण डोळे रागीट. लहान मुलं आरतीला पुढं येईनात! आता डोळ्यांची आखणी करतात दाजीकाका, माझे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर. ते डोळे आखायला बसले की कारखान्यात कुणी शिंकतसुद्धा नाही. हात अजून खणखणीत, पण कान पार गेलेले. मी कानाशी जाऊन ओरडलो तरी ढिम्म! चहाला तेवढे बरोबर उठतात, आणि तेही वैशालीनं, म्हणजे आमच्या हिनं, स्वयंपाकघरातून हळू हाक मारली तरी. वासानं कळत असणार.

मंडळाच्या सुरभीताईंनी कळवलं, "शनिवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल करू. डोळे कसे हवेत ते दाजीकाकांना मीच सांगते. त्यांना पटलं तर ऑर्डर, नाहीतर यंदा दुसरीकडं बघू." दुसरीकडं! म्हणजे आमच्याच गल्लीतल्या समोरच्या कारखान्यात! ते तर टपूनच बसलेत.

फोनचा आवाज दाजीकाकांना पुरणार नाही, म्हणून कॉम्प्युटरला स्पीकर लावायचे ठरले. पण कारखान्यातल्या कॉम्प्युटरचं स्पीकरचं भोक प्लास्टरच्या पुडीनं कधीच बुजलंय. म्हणून साउंड कार्डही हवं. बोटाएवढी डबी असते, यूएसबीत खुपसायची.

गुरुवारी पेणला मुझम्मिलच्या दुकानात गेलो. मी चार स्पीकर टिचकी मारून पाहिले. पाचव्याला त्यानं माझा हात धरला.

"काका, मूर्ती नाय ती. हा घ्या, सगळ्यात स्वस्त नि मस्त. हे कार्ड. हिरवी पिन हिरव्या भोकात, डोळे झाकून लावा."

डोळे झाकून! मी घरी येऊन डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि माझं टाळकं सटकलं. स्पीकरची पिन होती पोपटी. आणि कार्डाचं भोक शेवाळी! आमच्या धंद्यात पोपटीच्या जागी शेवाळी लागला तर दाजीकाका हातातला ब्रश काढून घेतात. ही सरळ सरळ फसवणूक होती!

"बाबा, दोन्ही हिरवंच हाय," मनस्वी म्हणाली.

"म्हणूनच तुला मी ब्रश देत नाय!"

शुक्रवारी सकाळी पुन्हा पेण गाठलं. खिशातून रंगाच्या दोन बाटल्या काढल्या आणि मुझम्मिलच्या काउंटरवर आपटल्या. "हा पोपटी! हा शेवाळी! एका जोडीत दोन रंग देतोस? आंधळा समजलास काय मला?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांतली दोन माझ्या बाजूनं झाली, दोन बाहेर गेली.

"काका, रंग कंपनी देते. आवाज येतो, शपथ!"

"मला आवाज नको, पोपटी पायजे!"

मुझम्मिलनं कपाळ पुसलं. "एक करा काका. रोह्याला माझा चुलतभाऊ हाय, मुसा. त्याच्याकडं माल जास्त असतो."

शनिवारी पहाटेच एस्टी पकडली. नागोठण्यापर्यंत हायवेनं माझी हाडं खिळखिळी केली आणि राग आणखी घुसळून वर आणला. रोह्यात दुकानाची पायरी चढतो न चढतो तोच मुसा म्हणाला, "या गुणाजीकाका, बसा. पोपटी ना?"

फोन आधीच पोचला होता. मुसानं अख्खा खण माझ्यापुढं उलटा केला. सगळी कार्डं शेवाळी! एक तेवढं पिस्ता होतं.

"पिस्ता चालंल?"

"पिस्ता नि पोपटी एक?"

"काका, आवाज काय रंगातनं जातो?"

"मग रंग दिलाय कशाला?"

मुसानं खण परत भरून ठेवला. त्यानं मला कोकम सरबत पाजलं आणि स्वतः येऊन एस्टीत बसवून दिलं. एस्टी हलेपर्यंत तो जागचा हलला नाही.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पाचला कॉल! मी म्हटलं, जुळत नाही ना? मग मी जुळवतो! रंगारी कशाला झालो? अगदी पिनेसारखा पोपटी कालवला आणि बारीक ब्रशनं कार्डाच्या भोकाची कड रंगवली. रंगाचा एक हात कमी वाटला म्हणून दुसरा दिला. काय जुळला होता रंग! कंपनीनं येऊन पाहावं!

पावणेपाचला पिन घातली. अर्ध्यावर अडकली. दुसरा हात भोकात ओघळला होता.

आवाज शून्य! स्पीकरचं बटण पूर्ण फिरवलं. कॉम्प्युटरवरचा आवाज पूर्ण चढवला. तरी शून्य. तेवढ्यात पडद्यावर सुरभीताई आल्या, मागं मंडळाची चार माणसं. सगळ्यांची तोंडं हलत होती. दाजीकाका कोपऱ्यात एका मूर्तीचा डोळा आखत होते, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

मी पडद्यात डोकं घातलं. "नाय येत आवाज! तो मुझम्मिल चोर! तो मुसा त्याच्यावर चोर! आणि या मस्कतवाल्यांचं काय अडलंय? डोळे असे नि डोळे तसे! एवढे नखरे हायत तर स्वतः काढा म्हणावं डोळे!"

"बाबा!" मनस्वी किंचाळली. "त्यांना ऐकू जातंय! माईक कॅमेऱ्यात हाय!"

"मग आधी सांगायला काय झालं!" असं ओरडून मी त्या कार्डावर गुद्दा हाणला.

कट्! पिन आत गेली.

"गुणाजीभाऊ!!!"

स्पीकरमधल्या सुरभीताईंच्या आवाजानं वरचा पत्रा थरथरला. वैशाली ओच्यात तांदूळ घेऊन धावत आली. माझ्या हातातली पोपटी रंगाची वाटी माझ्याच पायांवर पालथी झाली.

"गुणाजीभाऊ, तुमचा चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतोय हो!!!"

मी दाजीकाकांकडं पाहिलं. त्यांचा हात तसूभर हलला नव्हता. मला रडू यायचं बाकी राहिलं. एवढ्या आवाजानंही ऐकू गेलं नाही, म्हणजे गेली ऑर्डर!

दाजीकाकांनी बुबुळ पुरं केलं. ब्रश धुतला. सावकाश उठून पडद्यासमोर आले.

"सुरभीताई, जरा हळू बोला. मूर्ती ओल्या हायत."

मी खुर्चीवर बसलो. खुर्चीवर रंगाचा डबा होता, पण ते आता राहू द्या.

"काका, तुम्हाला ऐकू येतं?"

"व्हय."

"मग मी इतकी वर्षं ओरडतोय ते?"

"तू तोंड उघडलंस की मी ऐकायचं सोडून देतो. नायतर हात हलतो."

वैशाली पदरात तोंड लपवून हसत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं!

"मग गेल्या वर्षी मी 'शांत डोळे काढा, शांत डोळे काढा' म्हणून सांगत होतो, ते ऐकलं नाय?"

"नाय. पण तू नाकासमोर उभा होतास." दाजीकाका पडद्याकडं वळले. "ताई, आखताना माणूस समोर बघतो तेच हातातनं उतरतं. पंचेचाळीस मूर्ती होईपर्यंत हा समोर उभा. ते डोळे याचेच हायत."

"तरीच!" सुरभीताई ओरडल्या आणि पत्रा पुन्हा थरथरला. सगळं मस्कत हसलं. मनस्वीनं बटण फिरवून आवाज कमी केला. त्या बटणाला तेवढंच काम होतं.

ऑर्डर मिळाली. पंचेचाळीसच्या साठ झाल्या. अट फक्त एक, आखणी होईपर्यंत गुणाजीनं कारखान्यात पाय ठेवायचा नाही! म्हणून आठ दिवस झाले, मी ओटीवर बसून आहे. पायांचा पोपटी अजून निघालेला नाही. आतून सगळ्यांच्या गप्पा ऐकू येतात, दाजीकाकांचं हसणंही.

मला इतका राग आलाय म्हणून सांगू! घरात सांगायची सोय उरली नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तेही, बघा ना, किती हळू आवाजात.