असेंब्लीची लाल प्रत

यंत्रावर विश्वास ठेवावा, पण त्याने काय लिहिले आहे ते समितीकडून तपासून घ्यावे, हे प्रगत तालुक्याचे लक्षण आहे. तासगावच्या 'द्राक्षमेघ' हवामान केंद्रात पावसाचे गणित करायला संगणकाला पन्नास मिनिटे लागत आणि मिरजेकडून निघालेला ढग चाळीस मिनिटांत पोचे. त्यामुळे अंदाज कधीच चुकत नसे.

केंद्राची प्रोग्रॅमर उत्कर्षा मात्र शरमेने अर्धी होई. तिचा चुलता केरबा याचा बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर वाळत होता.

"आभाळ काळं झालंय गं पोरी," तो फोनवर म्हणे, "पर तुमच्या मेसेजबिगर पडदं सोडलं तर विमा मिळत न्हाई. कवा येतुय मेसेज?"

शेवटी तिने असेंब्ली उघडली, म्हणजे कंपायलर नावाच्या दुभाष्या प्रोग्रॅमने तिच्या प्रोग्रॅमवरून संगणकासाठी लिहिलेली हुकमांची यादी. संगणक एका दमात आठ आकडे मोजू शकत होता. कंपायलरने त्याला एकेक मोजायला बसवले होते. हुकमांच्या शेवटी 'एसएस' होते, म्हणजे एकेक. हवे होते 'पीएस', म्हणजे आठ-आठ. आकड्यांच्या दोन याद्या संगणकाच्या स्मृतीत एकमेकींच्या हद्दीत घुसल्या असतील, अशी कंपायलरला शंका होती. (बांधावरून पिढ्या खपलेल्या मुलखात ही शंका रास्तच.) "नाही घुसत" अशी हमी देणारा एक शब्द मूळ प्रोग्रॅममध्ये घातला की काम भागत होते.

पण हमी म्हटली की ठराव आला. केंद्रप्रमुख वीरधवल साहेबांनी असेंब्ली निरीक्षण समिती नेमली. सहाशे बारा पाने छापली. प्रत्येक पानावर पाच सह्या झाल्या (सदस्या शालूबाईंच्या सहीसाठी समास वाढवावा लागला). मग समितीने चार हजार एकोणीस ठिकाणी 'एसएस' खोडून लाल शाईने 'पीएस' लिहिले आणि वेग आठपट झाल्याचे जाहीर केले.

"साहेब, हे कागदावर झालं. यंत्रात नाही."

"मग यंत्राला एक प्रत द्या की!"

प्रत संगणकावर ठेवली. पंख्याची जाळी झाकली जाऊन यंत्र तापले आणि पन्नासाची पंचावन्न मिनिटे झाली.

शुक्रवारी पाऊस आला. पंधरा मिनिटांनी मेसेज गेला. केरबाचा सगळा बेदाणा भिजून काळा पडला. ते कळताच उत्कर्षाला रडू फुटले. डोळे पुसून तिने ठरावाशिवाय तो एक शब्द घातला. गणित सात मिनिटांत सुटले.

तिला विनापरवाना हमी दिल्याची नोटीस मिळाली. सात मिनिटांचे श्रेय लाल प्रतीला मिळाले. तसा अहवाल सर्वांना मोबाइलवर गेला आणि दोन हजार एकशे तीन जणांनी तो न उघडताच अंगठा दाखवून समितीचे अभिनंदन केले. त्यात तुमचाही अंगठा आहे. खोटे वाटत असेल तर फोन बघा.